साठ टाके, त्यातले चार सोडले

मराठीतलं कुठलंही पुस्तक परीक्षण उघडा, तिसऱ्या-चौथ्या परिच्छेदात ‘वीण’ भेटतेच. कथानकाची वीण घट्ट आहे. नात्यांची वीण उसवत जाते. मध्यंतरानंतर पटकथेची वीण सैल पडते. हा शब्द इतका वापरून झालाय, की तो कुठून आला हे आता कुणी विचारत नाही. एकदा विचारून बघा. मराठीत ‘विणणं’ हे एकच क्रियापद बऱ्याच कामांना चालतं. मागावर कापड विणतात, बाज विणतात, टोपली विणतात, जाळं विणतात आणि दोन सुयांवर स्वेटरही विणतात. बाज घट्ट विणली नाही तर झोपणारा जमिनीला टेकतो. पण स्वेटर घट्ट विणला तर टाके सुईवरून सरकत नाहीत, बोटं दुखतात आणि तयार झालेली वस्तू पुठ्ठ्यासारखी कडक होते. लोकरीची वीण ताणली जाते आणि परत जागेवर येते, तिचा गुण तो. तेव्हा समीक्षकांनी बाजेचा गुण उचलला आणि सरसकट सगळ्या विणीला लावला, असं म्हणायला वाव आहे.

गंमत म्हणून हे सोडून देता आलं असतं. पण हाच विसराळूपणा विणणाऱ्या माणसांबद्दल लिहितानाही दिसतो. सिनेमात आणि साहित्यात विणकाम भरपूर आहे. विणणाऱ्या माणसाला नक्की काय येतं, हे मात्र फार थोड्या ठिकाणी आहे. अलीकडच्या काळात विणकामाच्या गटांबद्दल, म्हणजे आठवड्यातून एकदा जमून एकमेकींकडून नवे नमुने शिकणाऱ्या बायकांबद्दल, कादंबऱ्याही आल्या आणि खपल्या. त्यांच्यात तरी ही उणीव भरून निघाली का, हा या लेखाचा प्रश्न आहे. त्याचं उत्तर शोधताना एका शंभर वर्षांहून जुन्या, एका अंकाच्या नाटकापर्यंत जावं लागतं.

सुयांमागची बाई

हिंदी सिनेमे बघत मोठ्या झालेल्या कुणालाही एक खूण पाठ असते. नायिका लोकरीचा गुंडा घेऊन बसलेली दिसली, की घरात पाळणा हलणार. नायक येतो, इवलासा मोजा उचलतो, आधी गोंधळतो आणि मग त्याचा चेहरा उजळतो. संवादाची गरजच नाही. तिला खरंच विणता येतं का, पहिल्या मोज्याएवढाच दुसरा होणार का, याच्याशी कॅमेऱ्याला काही देणंघेणं नसतं. लोकर ही बातमी असते. बातमी कळली की पुढच्या प्रसंगातून लोकर गायब.

इंग्रजी साहित्यात बातमी बदलते, पद्धत तीच राहते. चार्ल्स डिकन्सच्या १८५९ सालच्या ‘अ टेल ऑफ टू सिटीज’मधली मादाम दफार्ज पॅरिसमधल्या दारूच्या दुकानात बसून सतत विणत असते. क्रांती होईल तेव्हा ज्यांना संपवायचं, त्यांची नोंद ती विणीत करून ठेवते. कल्पना जबरदस्त आहे आणि अशक्यही नाही. सुलट टाका सपाट दिसतो, उलट टाक्याला आडवा उंचवटा येतो. दोनच खुणांमधून वाटेल तेवढा मजकूर लिहिता येतो, हे मोबाइल वापरणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. आपले सगळे मेसेज शून्य आणि एकच्या रांगांमधूनच जातात. पण ही नोंद कशी होते, कुठला टाका कशासाठी, हे डिकन्स सांगत नाही. तिची लिपी तिला कळते, एवढ्यावर तो भागवतो. त्याला हवी असते भीती: खाली घातलेली नजर, हलणाऱ्या सुया आणि मनात चाललेला हिशोब.

अ‍ॅगाथा ख्रिस्तीच्या मिस मार्पलच्या हातात लोकर असते, कारण विणणाऱ्या म्हातारीला कुणी गंभीरपणे घेत नाही आणि तिला ते सोयीचं असतं. मार्गारेट अ‍ॅटवुडच्या १९८५ सालच्या ‘द हँडमेड्स टेल’मधली सेरेना जॉय आघाडीवरच्या सैनिकांसाठी मफलर विणते. कथा सांगणारीला मात्र शंका येते, की हे मफलर सैनिकांपर्यंत पोचतच नसावेत. कुठेतरी ते उसवून लोकरीचे गुंडे करून परत पाठवत असावेत. म्हणजे गरोदर बाई, सूड घेणारी बाई, कुणाच्या खिजगणतीत नसलेली बाई आणि काम नसलेली बाई. चारही ठिकाणी लेखकाला बाईबद्दल काहीतरी सांगायचंय आणि त्यासाठी तिच्या हातात सुया दिल्यात. यातल्या दोन पुस्तकांवर माझं प्रेम आहे. तरी सुया काढून जपमाळ दिली असती तर बरंचसं काम तसंच झालं असतं, हे म्हणायलाच हवं.

व्हर्जिनिया वुल्फची गोष्ट वेगळी आहे आणि तिच्याबाबतीत चूक वाचणाऱ्याकडून झाली असं मला वाटतं. ‘टू द लाइटहाउस’ (१९२७) या कादंबरीत मिसेस रॅम्से दीपगृहाच्या रखवालदाराच्या आजारी मुलासाठी एक मोजा विणतेय. ती तो आपल्या जेम्सच्या पायाला लावून बघते. जेम्स चुळबुळ करतो. मोजा फारच आखूड भरतो. एरिक आउअरबाखने ‘मिमेसिस’ या १९४६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या महाग्रंथाच्या शेवटच्या प्रकरणाला नावच ‘तपकिरी मोजा’ असं दिलं आणि त्यात हा प्रसंग बारकाईने उलगडला. विसाव्या शतकातल्या समीक्षेतलं हे गाजलेलं प्रकरण. त्याचा मुद्दा असा, की मोजा मोजणं ही किरकोळ बाह्य घटना आहे. ती निमित्त होते आणि मनाचे प्रवाह सुटतात. कादंबरीचं केंद्र बाहेरच्या घटनांकडून आत सरकलं, हे त्याने फार सुंदर दाखवलं.

पण मोजणं ही किरकोळ घटना आहे का? मिसेस रॅम्से मोजा लावतेय जेम्सला आणि विचार करतेय दुसऱ्याच मुलाच्या पायाचा. तो मुलगा समोर नाही. तो आजारी आहे, म्हणून जेम्सपेक्षा त्याची वाढ कमी असणार, तेवढी सूट धरायला हवी, असा हिशोब ती करते. विणणारा माणूस हेच तर करतो: नसलेल्या शरीराचा अंदाज. आउअरबाखने जिथे बाहेरची क्षुल्लक हालचाल बघितली, तिथे एका अनोळखी मुलाबद्दलची कणव सेंटिमीटरमध्ये मांडली जातेय. त्या रात्री मोजा पुरा होत नाही आणि दीपगृहाची सहलही होत नाही. वुल्फला हे कळत होतं. आपण तिचं वाचताना मनाकडे बघितलं आणि हाताकडे दुर्लक्ष केलं.

२००७ सालचे दोन गट

आता गटांकडे येऊ. २००७ साली अमेरिकेत दोन कादंबऱ्या आल्या: केट जेकब्जची ‘द फ्रायडे नाइट निटिंग क्लब’ आणि अ‍ॅन हूडची ‘द निटिंग सर्कल’. पहिलीत मॅनहॅटनमध्ये लोकरीचं दुकान चालवणारी जॉर्जिया वॉकर आणि तिची मुलगी डकोटा आहेत. दर शुक्रवारी दुकानात बायका जमू लागतात. त्यात डार्विन नावाची एक संशोधक मुलगी आहे. विणकाम बायकांना मागे नेतं असं तिचं मत, आणि तेच तपासायला ती येते. दुसरीत मेरी बॅक्स्टरची पाच वर्षांची मुलगी स्टेला अचानक आजारी पडून जाते. मेरीला काहीच सुचत नाही. मग ती प्रॉव्हिडन्स शहराजवळच्या एका दुकानातल्या गटात जाऊ लागते. तिथली एकेक व्यक्ती तिला विणकामातली एकेक नवी गोष्ट शिकवते आणि त्यासोबत आपल्या आयुष्यातलं दुःख सांगते.

हूडच्या पुस्तकाबद्दल हलक्या सुरात बोलायची माझी तयारी नाही. तिची स्वतःची मुलगी २००२ साली वयाच्या पाचव्या वर्षी गेली. त्यानंतर तिला वाचता-लिहिता येईना आणि त्या काळात ती विणायला शिकली, हे तिने जाहीरपणे लिहिलंय. पुस्तकाला त्यामुळे एक खरेपणा आहे. मेरी विणायला बसते आणि काही मिनिटं तिच्या डोक्यात फक्त पुढचा टाका असतो, तिथे पुस्तक फार प्रामाणिक होतं.

अडचण रचनेची आहे. एक टाका, एक दुःख. दुसरा टाका, दुसरं दुःख. तिसऱ्या पाळीपर्यंत वाचकाला कळतं, की शिकवणं हे कथा सांगायला दिलेलं निमित्त आहे. शिकवणारीने सुया हातात घेतल्या की आपण तिच्या जखमेची वाट बघू लागतो. मेरीच्या हातून काय चुकतं, ती चूक कुणी कशी ओळखली, एका बाईची लोकर धरायची पद्धत दुसरीपेक्षा वेगळी का, हे प्रश्न रेंगाळायला जागाच उरत नाही. जेकब्जच्या पुस्तकात तर लोकर बहुतेक वेळा पार्श्वभूमीला आहे. तिथल्या मैत्रिणी गोड आहेत, जॉर्जियाच्या कॅन्सरने त्यांची परीक्षा होते, वाचक रडतो. पण हा गट पाककृतींचा, योगासनांचा किंवा भिशीचा असता तरी पुस्तकाचा सांगाडा फारसा हलला नसता. डार्विनचा प्रश्न खरंतर महत्त्वाचा होता. त्याचं उत्तर कादंबरीने मैत्री हे दिलं. कौशल्य हे उत्तर असू शकतं, असं तिला सुचलं नाही.

या कादंबऱ्यांची भाषा आता आपल्या फोनवरही पोचली आहे. विणकाम म्हणजे ध्यान, विणकाम म्हणजे थेरपी, सुया हातात घ्या आणि चिंता विसरा, असं सांगणारी रील्स तुम्हीही पाहिली असतील. ते खोटं नाही. लय असलेल्या कामाने मन शांत होतं, हा अनुभव भाकरी थापणाऱ्यालाही येतो. प्रश्न असा, की सुतारकामाची, तबल्याची किंवा बुद्धिबळाची महती सांगताना आपण आधी त्यातलं ज्ञान सांगतो आणि मनःशांती नंतर. विणकामाच्या बाबतीत सुरुवातच मनःशांतीने होते आणि बहुतेक वेळा शेवटही.

साधा मोजा

जॉन मिलिंग्टन सिंजचं ‘रायडर्स टू द सी’ हे आयरिश नाटक डब्लिनला १९०४ साली पहिल्यांदा रंगभूमीवर आलं. इंग्रजी साहित्य शिकलेल्या अनेकांना ते अभ्यासक्रमातून माहीत असतं. अरन बेटांवरच्या मॉर्या या म्हातारीचे मुलगे एकामागून एक समुद्राने नेले. आता मायकेलही बेपत्ता आहे. दूर डोनेगलला एका बुडालेल्या माणसाच्या अंगावरून काढलेले कपडे पाद्रीबाबांनी घरी पाठवलेत: एक शर्ट आणि एक साधा मोजा. ते मायकेलचे आहेत का, हे त्याच्या दोन बहिणींना, कॅथलीन आणि नोरा यांना, आई बाहेर असताना ठरवायचंय.

आधी त्या शर्टाकडे बघतात. कापड तेच वाटतं. पण ते फ्लॅनेल तर गॉलवेच्या दुकानांत ताग्यांनी मिळतं. तसा शर्ट किती जणांकडे असेल. शर्टावरून काही ठरत नाही. मग नोरा मोजा हातात घेते आणि टाके मोजते. तो तिने विणलेल्या तिसऱ्या जोडीतला दुसरा मोजा आहे. तिने साठ टाके घातले होते आणि त्यातले चार सोडले होते. कॅथलीन पडताळते. आकडा जुळतो. भाऊ गेला.

या प्रसंगाला मोजून काही संवाद लागतात. पण हूडच्या आणि जेकब्जच्या पुस्तकांत मिळून नसेल एवढं विणकाम त्यात आहे. नोराला काय काय येतं बघा. कितवी जोडी आणि त्यातला कितवा मोजा हे तिला आठवतं; विणणाऱ्यांना वस्तू अशाच आठवतात, क्रमाने. घातलेल्या टाक्यांचा आकडा तिच्या डोक्यात आहे. आणि समुद्रात भिजून, दिवसेंदिवस पाण्यात राहून आलेल्या मोज्यावरचे टाके ती वाचू शकते. हे वाचणंच आहे. विणलेल्या वस्तूत प्रत्येक टाका शिल्लक असतो, मोजता येतो, त्याच्यामागची कृती ओळखता येते.

त्या ‘सोडलेल्या’ चार टाक्यांबद्दलही थोडं थांबायला हवं. नाटक वाचणारे बहुतेक जण त्याचा अर्थ चुकून सुटलेले टाके असा घेतात. चुकीवरून ओळख पटली, असं करुण चित्र त्यातून तयार होतं. विणणाऱ्या माणसाला मात्र दुसरी शक्यता जास्त पटेल. सुटलेला टाका तसाच राहिला तर तो शिडीसारखा खाली उसवत जातो; असे चार टाके सुटलेला मोजा बोटीवरच्या माणसाच्या पायात फार टिकणार नाही. याउलट पोटरीकडून घोट्याकडे येताना टाके मुद्दाम कमी करतात, म्हणजे मोजा पायाला बसतो. साठाचे छप्पन्न. तसं असेल तर ती चार टाक्यांची घट म्हणजे मायकेलच्या पायाचं माप आहे. बहिणीने भावाला ओळखलं ते तिच्या चुकीवरून नाही, त्याच्या घोट्यावरून. सिंजने हा अर्थ मोकळा ठेवलाय. माझ्यासाठी दुसऱ्या वाचनाने हा प्रसंग आणखी असह्य होतो.

घराण्याचे नमुने

पुढे जे झालं ते समीक्षेच्या विद्यार्थ्यांनी मुद्दाम लक्षात ठेवावं असं आहे. अरन बेटांवरच्या प्रत्येक घराण्याचा स्वेटरचा आपापला नमुना असतो आणि बुडालेल्या कोळ्याचं प्रेत त्याच्यावरून ओळखतात, ही कथा जगभर पसरली. आयर्लंडला जाऊन आलेल्या कुणीतरी ती तुम्हालाही सांगितली असेल. आडनाव सांगा, तुमच्या घराण्याची वेणी कुठली ते दाखवतो, असं म्हणणारी दुकानंही आहेत. ऑक्सफर्डमधल्या हाइन्झ एडगर कीवे या लोकरीच्या व्यापाऱ्याने १९६७ साली एक पुस्तक लिहून या नमुन्यांची नाळ प्राचीन धर्मचिन्हांशी जोडली. १९८७ साली रिचर्ड रट यांचा हातविणकामाचा इतिहास आला. रट हे इंग्लंडमधल्या लेस्टरचे बिशप आणि स्वतः उत्तम विणणारे. त्यांनी या दाव्यांना आधार नसल्याचं दाखवलं. वेण्या आणि जाळ्यांनी भरलेला पांढरा अरन स्वेटर हा फार जुना नाही. तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत घडत गेला, आणि त्याच्या घडण्यात विक्रीचाही वाटा होता.

सिंजच्या नाटकात घराण्याचा नमुना नाही. स्वेटरही नाही. तिथे मोजा साधा आहे, हे मुद्दाम सांगितलंय. ओळख पटते ती एका मुलीने टाके मोजल्यामुळे. लोककथेने काय केलं? नोराची नजर काढून टाकली आणि तिच्या जागी घराणं बसवलं. एका बाईला काहीतरी येत होतं, ही गोष्ट रक्ताने चालत आलेल्या वारशाची झाली. वारसा विकायला सोपा असतो, आणि त्याला शिकावं लागत नाही. शिकलेलं कौशल्य विकणं अवघड, कारण मग ते कुणाकडून शिकलं, किती वेळ लागला, त्याचे किती पैसे दिले, हे प्रश्न येतात.

शेजारून आलेलं

विणकामाचे नमुने प्रत्यक्षात कसे पसरले? शेजारून. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्याच्या सुरुवातीला स्कॉटलंडच्या मुली हेरिंग मासे साफ करून पिंपात भरायच्या कामावर जात. मासे किनाऱ्याने दक्षिणेला सरकत तसा बोटींचा ताफा सरके आणि त्याच्यामागे या मुली, शेटलंडपासून पार इंग्लंडच्या यारमथपर्यंत. हात मोकळे असले की सुया चालत. एका बंदरातली नक्षी दुसऱ्या बंदरात जायला दुसरं काही लागत नव्हतं. गावागावांचे नमुने शुद्ध आणि बंदिस्त राहिले असते तरच नवल.

आपल्याकडच्या आधीच्या पिढीच्या बायकांनाही हे शास्त्र ठाऊक होतं. एसटीत पुढच्या बाकावर बसलेल्या बाईच्या स्वेटरची पाठ बघून नमुना ‘उचलणं’ ही त्यांची नेहमीची गोष्ट. घरी येईपर्यंत तो मनात म्हणायचा: दोन सुलट, एक उलट, दोनचा एक. ‘उचलणं’ हा शब्द मराठीत चोरीलाही वापरतात, पण इथे त्यात चोरीचा वास नाही. नमुना कुणाचा नसतो, उचलणारीची नजर तिची असते.

अमेरिकेतल्या एलिझाबेथ झिमरमन यांनी या नजरेचं तत्त्वज्ञान केलं असं म्हणता येईल. जन्म इंग्लंडमधला, १९१० चा, आयुष्य विस्कॉन्सिनमध्ये. त्यांचं ‘निटिंग विदाउट टिअर्स’ हे १९७१ सालचं पुस्तक आजही वाचलं जातं. त्या विणकामाची शिबिरंही भरवत. त्यांची मुख्य सूचना अशी, की छापलेल्या कृतीच्या मागे मुकाट्याने जाऊ नका, आपलं माप घ्या आणि विचार करा. आधी छोटा तुकडा विणा, एवढ्या रुंदीत किती टाके बसतात ते मोजा, त्यावरून छातीच्या घेरासाठी लागणारे टाके काढा. तो आकडा म्हणजे शंभर टक्के. बाही मनगटापाशी साधारण २० टक्क्यांवर सुरू होते, गळा ४० टक्क्यांच्या आसपास येतो. अंगाला २०० टाके असतील तर मनगटाला ४० आणि गळ्याला ८०. शाळेतल्या शेकडेवारीवर अख्खा स्वेटर उभा राहतो, कुठल्याही लोकरीचा, कुठल्याही माणसाचा.

आणि नवीन युक्ती सापडली की ‘मी शोध लावला’ असं म्हणायला त्यांनी नकार दिला. त्यासाठी त्यांनी इंग्रजीत एक उफराटा शब्दच घडवला. त्याचा आशय असा, की हे मला सापडलं खरं, पण इतक्या शतकांत इतक्या हातांनी विणलंय, की कुणीतरी हे आधी केलेलं असणारच. आयरिश घराण्यांच्या कथेच्या हे बरोबर उलट आहे. तिथे नमुन्याची मालकी आणि पुरातनता हवी होती. इथे एक नामवंत लेखिका आपलं नाव पुसून त्या जागी असंख्य अनोळखी शेजारणींना बसवते.

गटात हेच रोज घडतं. नवीन शिकणारी तीस टाके घालून मफलर सुरू करते. आठवड्याने मोजते तर चौतीस. व्हिडिओ परत पाहते, सगळं तसंच तर केलंय. गटातल्या काकू सुई हातात घेतात, चष्मा कपाळावर सरकवतात आणि म्हणतात, “अगं, ओळ सुरू करताना धागा सुईवरून मागे टाकतेस तू. मग पहिलाच टाका दोन दिसतो आणि तू दोन्ही विणतेस.” व्हिडिओ कृती दाखवू शकतो. तुमच्या हातून काय झालं हे त्याला दिसत नाही. काकूंना ते मुलगी विणत नसतानाही दिसलं, कारण त्यांनी तिचं विणलेलं वाचलं. पुढच्या महिन्यात ती मुलगी दुसऱ्या कुणाचे चौतीस टाके वाचेल. गटाचा जीव इथे आहे. मैत्री होते, दुःखंही बोलली जातात, पण ती या वाचण्याच्या आसपास होतात. आपल्या चुकीकडे कुणीतरी इतकं लक्ष देऊन बघतंय, हा अनुभव शोकात असलेल्या माणसाला सावरत असेल तर त्यात आश्चर्य नाही. हूडच्या कादंबरीत बहुधा हेच घडतंय. फक्त श्रेय कथेला दिलंय.

हौस नावाची पेटी

हे सगळं ताणून धरायचं कारण आपल्या घरातलं आहे. महाराष्ट्रात लग्नात रुखवत मांडतात. त्यात क्रोशाचं तोरण असतं, विणलेला रुमाल असतो, लोकरीचं टोपडंही कधीकधी असतं. बघायला येणाऱ्या म्हणतात, “मुलगी भारी हौशी आहे हो!” क्वचित एखादी जवळ जाऊन तोरणाचा कोपरा उलटा करून बघते; तिला विणता येत असतं. बाकीच्यांसाठी ती वस्तू म्हणजे मुलीच्या स्वभावाचं प्रमाणपत्र. सिनेमातला मोजा जशी बातमी होता, तसं हे तोरण दाखला होतं. कामाकडे कुणी बघत नाही.

‘हौस’ हा प्रेमळ शब्द आहे आणि तो फार महाग पडतो. एका मोठ्या माणसाच्या स्वेटरला कित्येक संध्याकाळी जातात. पण “मलाही एक विणून दे ना, लोकरीचे पैसे देते,” असं आपण सहज म्हणतो, कारण आपल्या मते तिची हौस होते आणि आपला स्वेटर. ज्या कामातलं ज्ञान दिसत नाही त्याची किंमत साहित्याच्या किमतीएवढीच ठरते. आता ‘थेरपी’ हा शब्दही तेच करू लागलाय. पूर्वी तिची हौस भागायची, आता तिचं मन शांत होतं; मोबदला मिळालाच म्हणायचा.

कादंबरीकारांनी विणणाऱ्यांवर सामाजिक न्याय म्हणून लिहावं असं मी म्हणत नाही. साधी वाङ्मयीन मागणी आहे. क्रिकेटवरच्या कथेत लेखकाला गुगली आणि लेगब्रेकमधला फरक कळायला हवा, संगीतावरच्या कादंबरीत राग चुकला तर वाचक पत्र लिहितात. मग लोकरीच्या गटावर चारशे पानं लिहिताना एकदा तरी टाके मोजले जावेत. एका बाईने दुसरीच्या हातातलं काम बघून तिच्याबद्दल असं काही ओळखावं, जे बोलून कळलं नसतं: की ही घाईत आहे, की हिने काल रात्री बरंच उसवलंय, की मध्येच हिची वीण एकदम घट्ट झालीय. विणणाऱ्याच्या मनावर ताण आला की टाके आवळले जातात, हे विणणाऱ्या सगळ्यांना माहीत असतं. एवढ्या एका गोष्टीवर अख्खं प्रकरण उभं राहील. अशी मराठी कादंबरी मला वाचायची आहे: वस्तीतल्या किंवा सोसायटीतल्या पाच-सहा जणींची, त्यात एखादा रिटायर झालेला पुरुषही असू दे, आणि त्यांच्यातल्या निदान एका भांडणाचा विषय बाहीचे टाके कुठे कमी करायचे हा असावा.

तोवर एक छोटी सुधारणा आपल्या हातात आहे. पुस्तकाबद्दल लिहिताना ‘वीण घट्ट आहे’ हे कौतुक म्हणून लिहिण्याआधी जवळपास विणणारं कुणी असेल तर त्यांना विचारा. ते बहुधा विचारतील, की अंगात घालून बघितलंत का, ताणली जाते का, आणि टाके किती आहेत.